कणगी भरली, पण कशाने?



घरातली कणगी भरली म्हणजे मन भरते. संगणकाची डिस्क भरली म्हणजे मात्र काम अडते. दुधाची पावती निघत नाही, बचत गटाचा जमाखर्च जतन होत नाही, मुलीचा परीक्षेचा अर्ज अर्ध्यावर थांबतो. अशा वेळी आपण घाईने दिसेल ते पुसू लागतो. ती घाई मी स्वतः केली आहे, म्हणून हे लिहितो.

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडचा कामाचा संगणक भरला. एका फोल्डरमध्ये शेकडो फाइली दिसल्या. फाइली जास्त म्हणजे जागाही त्यांनीच अडवली असणार, असे समजून मी तो फोल्डर पुसला आणि वर कचरापेटीही रिकामी केली. त्या फाइली होत्या तीन गावांच्या माती परीक्षणाच्या पत्रिका. जागा मोकळी झाली ती नावापुरती. खरी जागा अडवली होती प्रशिक्षणाच्या व्हिडिओंनी. पुढे घरोघर जाऊन शेतकऱ्यांकडचे कागद मागावे लागले. काहींचे कागद पावसात भिजून गेले होते. त्यांच्यासमोर माझी मान खाली गेली.

हिशेब साधा आहे. 200 केबीचा एक कागद धरला, तर असे 500 कागद मिळून सुमारे 100 एमबी होतात. लग्नाचा किंवा बैलपोळ्याचा एखादा लहान व्हिडिओ एकटाच तेवढी जागा घेतो. म्हणून फाइली किती हे न पाहता त्यांचा आकार किती हे पाहावे.

हा आकार डोळ्यांना दाखवणारी मोफत साधने आहेत. विंडोजच्या संगणकासाठी विनडरस्टॅट हे त्यातले जुने व विश्वासाचे. ते संपूर्ण डिस्क तपासते आणि गावनकाशासारखे चित्र काढते. गावनकाशावर मोठा गट मोठा दिसतो, तशी इथे मोठी फाइल मोठ्या चौकोनात दिसते. व्हिडिओ, फोटो, कागद यांचे रंग वेगळे असतात. चौकोनावर क्लिक केले की फाइलीचे नाव व ठिकाण कळते.

या चित्रामागची कल्पना अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठाचे प्राध्यापक बेन श्नायडरमन यांची. 1990 साली त्यांच्या प्रयोगशाळेत 80 एमबीची एकच डिस्क 14 जण वापरत होते. ती भरली आणि जागा कोणी अडवली हे कळेना. आपल्याकडे एकत्र कुटुंबातील सामाईक कणगीचे जे होते, तेच तिथे झाले.

काम करताना पुढील क्रम ठेवावा :

1. साधन त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावे. मोफत साधनासाठी कोणी पैसे किंवा ओटीपी मागितला, तर तेथेच थांबावे.

2. काहीही पुसण्यापूर्वी 7/12, पावत्या, जमाखर्च, माती परीक्षणाच्या पत्रिका आणि पीक नुकसानीचे फोटो पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावेत. पेनड्राइव्हवरची प्रत उघडून पाहावी.

3. सर्वांत मोठे चार-पाच चौकोन पाहावेत. फाइल उघडून, घरच्यांना विचारून मगच पुसावी.

4. विंडोज व प्रोग्राम फाइल्स या नावांच्या फोल्डरना हात लावू नये. तेथील चौकोन मोठे दिसले, तरी संगणक त्यांच्यावरच चालतो. तात्पुरत्या फाइलींसाठी विंडोजमधील स्टोरेज सेटिंग वापरावी. तेथील यादीत डाउनलोड्स हे नाव दिसले, तर त्यावर खूण करू नये. आपले उतारे बहुधा तिथेच असतात.

5. पुसलेली फाइल आधी कचरापेटीत जाते. पेटी रिकामी होईपर्यंत जागा मोकळी होत नाही. म्हणून पेटी आठवडाभर तशीच ठेवावी. काही चुकून गेले असेल, तर ते परत मिळते.

ज्यांच्याकडे फक्त मोबाइल आहे, त्यांनी व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये स्टोरेज अँड डेटा, त्यात मॅनेज स्टोरेज हे पाहावे. 5 एमबीहून मोठ्या व पुन्हा पुन्हा पुढे पाठवलेल्या फाइली तेथे वेगळ्या दिसतात. गूगलचे फाइल्स हे मोफत ॲपही एकच फोटो दोनदा आला असेल, तर दाखवते.

गारपीट झाल्यावर बागेत उभे राहून फोटो काढायला जावे आणि मोबाइलने जागा नाही म्हणावे, अशी वेळ कोणावर येऊ नये. पेरणीपूर्वी जशी आपण अवजारे पाहून ठेवतो, तसे हे कामही हंगामाआधी उरकावे. घरात शिकणारी मुले असतील, तर त्यांना जवळ बसवावे. नकाशा ती उघडतील. कोणता कागद ठेवायचा, हे मात्र आपणच सांगावे.