खास पोशाख नको, कॅमेरा पुरे

१९८९च्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या व्हिडिओ गेममधल्या राजकुमाराची धाव खरी वाटते, कारण ती खरीच होती. गेमचा निर्माता जॉर्डन मेकनरने धाकट्या भावाला पळताना, उड्या मारताना व्हिडिओवर टिपलं आणि एकेका चौकटीवरून पात्र रेखाटलं.

आता ते किचकट काम हालचाल टिपणाऱ्या खास पोशाखाशिवायही संगणक करतो. गूगलचं मोफत ‘मीडियापाइप’ हे सॉफ्टवेअर साध्या व्हिडिओतून शरीरावरचे ३३ बिंदू ओळखतं. एकट्याने गेम बनवणाऱ्याला ‘फ्रीमोकॅप’ हा मुक्तस्रोत प्रकल्प अधिक उपयोगी: वेगवेगळ्या कोनांतून दोन-तीन वेबकॅम लावले की त्रिमितीय हालचाल मिळते आणि ‘ब्लेंडर’ या त्रिमितीय अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये नेता येते.

एकाच कॅमेऱ्यात मात्र अंगाआड गेलेला हात अंदाजाने बसवला जातो, पावलं जमिनीवर घसरतात. ती दुरुस्ती हातानेच.

सॉफ्टवेअरचा परवाना आधी वाचावा. कार्नेगी मेलन विद्यापीठाचं असंच काम करणारं ‘ओपनपोझ’ फुकट आहे, पण व्यावसायिक वापरासाठी नाही.