व्हिसा नाकारला गेल्यानंतर

आमच्या संघटनेच्या बैठकीत रुग्णांविषयीची चर्चा आटोपली आणि चहाचे कप हाती आले, की हल्ली एक विषय हमखास निघतो. कोणाची कन्या डॅलसला असते, कोणाचे चिरंजीव टोरांटोला असतात, आणि कोणाचा तरी व्हिसा नुकताच नाकारला गेलेला असतो. ते सांगताना आवाज खाली येतो. आदिलाबादेत आयुष्यभर मानाने व्यवसाय केलेला माणूस नापास झालेल्या विद्यार्थ्यासारखा बोलू लागतो. मी स्वतः यातून गेलो असल्याने संपादक मंडळाने हा लेख माझ्याकडे सोपविला. तेव्हा अनुभव सांगतो, आणि त्यानिमित्ताने जे नियम मला उशिरा समजले, तेही.

२०२४ च्या जानेवारीत मी आणि सौ. अमेरिकेच्या बी-१/बी-२ व्हिसाच्या मुलाखतीला उभे राहिलो. मुलीचे पहिले बाळंतपण एप्रिलमध्ये होते. अर्ज एका एजंटाने भरला होता. मी फक्त पासपोर्ट आणि फोटो पाठवून दिले होते. माझ्या हाती मात्र जाडजूड फाईल होती. रुग्णालयाची नोंदणी, घराचे कागद, शेताचे पट्टादार पासबुक, बँकेची पत्रे, जावयांचे निमंत्रण, सर्व काही तीत होते. अधिकाऱ्याने फाईल मागितलीच नाही. किती दिवस राहणार, एवढेच विचारले. मी म्हणालो, "दोन महिने." सौ. म्हणाली, "बाळंतपण उरकेपर्यंत." अर्जात एजंटाने सहा महिने लिहून ठेवले होते, हे मला त्या क्षणी ठाऊकही नव्हते. पुढचा प्रश्न आला, "तोपर्यंत तुमचे रुग्णालय कोण चालवील?" मला तो प्रश्न उगाच खोचक वाटला. "बघेल कोणीतरी," असे काहीसे मी बोलून गेलो. तीन मिनिटांच्या आत एक छापील कागद हाती पडला. त्यावर कलम २१४(ब) असे लिहिले होते.

परतीच्या प्रवासात सौ. बराच वेळ काही बोलली नाही. गाव जवळ आल्यावर तिने एवढेच विचारले, "आता तिला फोनवर काय सांगायचं?"

हे कलम अमेरिकेच्या १९५२ च्या इमिग्रेशन अँड नॅशनॅलिटी अ‍ॅक्टमधले आहे. त्याचा आशय असा, की पाहुणा म्हणून येऊ पाहणारा प्रत्येक माणूस कायमच वास्तव्यास येत आहे, असे कायदा आरंभीच धरून चालतो. तसे नाही, हे अधिकाऱ्याला पटवून देण्याचा भार अर्जदारावर असतो. म्हणजे आपण खोटे आहोत, असा ठपका या कागदात नसतो. आपण परत येऊ याबद्दल त्या दिवशी, त्या माहितीवर, समोरच्याची खात्री पटली नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्याविरुद्ध अपील नाही. खासदारांचे पत्र, ओळखीच्यांचा फोन, यांचा काही उपयोग नाही. मात्र नव्याने अर्ज करण्यास मुदतीचे बंधनही नाही. शुल्क तेवढे पुन्हा भरावे लागते आणि आधीचे परत मिळत नाही.

येथे एक फरक ध्यानात ठेवावा. कागदावर कलम २२१(ग) असेल, तर प्रकरण कागदपत्रांअभावी किंवा अधिक चौकशीसाठी अडले आहे, असे समजावे. मागितलेले कागद वर्षभराच्या आत दिले तर नवे शुल्क पडत नाही. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी घाईने दुसरा अर्ज भरून पैसे वाया घालविले, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

घरी आल्यावर मी पहिल्यांदा स्वतःचा अर्ज वाचला. डीएस-१६० नावाचा तो अर्ज म्हणजेच मुलाखतीचा खरा पाया. अधिकाऱ्याच्या समोरच्या पडद्यावर तोच असतो, आपली फाईल नसते. वाचता वाचता माझी मलाच लाज वाटली. बारा खाटांचे रुग्णालय एकट्याने चालविणारा डॉक्टर सहा महिने परदेशी राहणार, असे त्यात म्हटले होते. असा रुग्ण माझ्यासमोर आला असता, तर मीही त्याच्या सांगण्यावर विश्वास ठेवला नसता! एजंटाचे म्हणणे, "साहेब, सहा महिन्यांचा मिळतो, म्हणून लिहिले." हा गैरसमज फार पसरलेला आहे. भारतीयांना हा व्हिसा सामान्यतः दहा वर्षांचा मिळतो; प्रत्येक खेपेस किती दिवस राहता येईल, ते विमानतळावरचा अधिकारी ठरवितो; आणि आपला बेत किती दिवसांचा आहे, ही तिसरीच गोष्ट. अर्जात विचारलेली असते ती ही तिसरी.

आपल्या व्यवसायातील मंडळींची आणखी एक अडचण आहे, ती उत्पन्नाची. रोखीने चालणारी प्रॅक्टिस, मोजके दाखविलेले प्राप्तिकर विवरणपत्र, आणि अर्जात लिहिलेला मोठा मासिक आकडा, यांचा मेळ बसत नाही. मुलाखतीच्या आदल्या महिन्यात खात्यात उसनवारीची मोठी रक्कम भरणे तर त्याहून घातक. ब्रिटनच्या व्हिसात मुलाखत बहुधा नसते, सारा निर्णय कागदांवर होतो. तेथे अशी अचानक आलेली रक्कम हे नकारपत्रातले नेहमीचे कारण आहे. त्या मानाने ब्रिटनचे पत्र उपकारक, कारण त्यात कारणे लिहिलेली असतात, आणि दुसरा अर्ज त्या एकेका मुद्द्याला उत्तर देऊन करता येतो. कॅनडाही २०२५ पासून काही नकारपत्रांसोबत अधिकाऱ्याची टिपणे देऊ लागला आहे. युरोपातील शेंगेन देशांच्या छापील नमुन्यावर कारणाची खूण केलेली असते, आणि तेथे दाद मागण्याचा हक्कही असतो. अमेरिकेचे कारण मात्र आपणच आपल्या उत्तरांत शोधायचे.

आपल्या भागात नावांचा घोळ ही स्वतंत्र डोकेदुखी आहे. शाळेच्या दाखल्यावर तेलुगू पद्धतीने आडनावाचे आद्याक्षर आधी, पासपोर्टवर मराठी पद्धतीने वडिलांचे नाव मध्ये, आणि मुलीच्या कागदांवर आईचे माहेरचे नाव. त्यावरून कोणाचा व्हिसा अडेलच असे नाही, परंतु अर्ज पासपोर्टाबरहुकूम भरावा, आणि दुसरे नाव कोठे असल्यास ते विचारलेल्या रकान्यात सांगून टाकावे.

दुसरा अर्ज मी ऑक्टोबरात केला. मधल्या काळात एप्रिल येऊन गेला होता. नातीचा जन्म आम्ही फोनच्या पडद्यावर पाहिला, आणि डिंकाचे लाडू कुरिअरने गेले. लगेच पुन्हा अर्ज करावा, असे सौ.चे म्हणणे होते, आणि आईच्या मनाला ते शोभणारेच होते. पण तीच माहिती घेऊन त्याच खिडकीशी गेलो, तर उत्तर निराळे कसे यावे? थांबलो, ते काहीतरी खरोखर बदलावे म्हणून. नांदेडचा एक तरुण फिजिशियन जूनपासून माझ्या रुग्णालयात रुजू झाला. त्याच्या भरवशावर मी पाच आठवडे बाहेर राहू शकत होतो, आणि तेवढेच आठवडे अर्जात लिहिले. या खेपेस अर्ज मी स्वतः भरला. सौ.ला शेजारी बसवून प्रत्येक उत्तर तिला वाचून दाखविले. उत्तरे पाठ करवून घेतली नाहीत. पाठ केलेले चटकन ओळखू येते, हे आपण तोंडी परीक्षांत पुष्कळ पाहिले आहे.

"यापूर्वी व्हिसा नाकारला गेला आहे काय?" या प्रश्नापाशी मात्र माझा हात थबकला. एका हितचिंतकाने 'नाही' लिहावयास सुचविले होते. कृपा करून असे कोणी करू नये. जुना अर्ज त्यांच्या संगणकात असतोच. नकार ही दुरुस्त होणारी बाब आहे; पण जाणूनबुजून खोटी माहिती दिल्याचे ठरले, तर अमेरिकेत कायमची बंदी येऊ शकते, आणि ब्रिटनमध्ये फसवणुकीबद्दल दहा वर्षांची. मी 'होय' लिहिले, आणि खाली दोन ओळींत कारण दिले.

मुलाखतीत अधिकारी बाईंनी विचारले, "मागच्या वेळेपेक्षा आता काय बदलले?" मी नव्या डॉक्टरांविषयी सांगितले, परतण्याची तारीख सांगितली. सौ.ला विचारले, तेव्हा तिनेही तीच तारीख सांगितली आणि वर म्हणाली, "यांना राहायचं म्हटलं तरी करमणार नाही." तिचे हिंदी बाईंना कितपत कळले कोण जाणे, पण त्या हसल्या. पासपोर्ट त्यांनी ठेवून घेतले.

ज्येष्ठ मंडळींसाठी एक सूचना राहिली. २ सप्टेंबर २०२५ पासून मुलाखतीची सवलत फारच आकुंचित झाली असून ऐंशीच्या घरातील अर्जदारांनाही सर्वसाधारणपणे समक्ष जावे लागते. लवकर तारीख मिळावी म्हणून बँकॉक-सिंगापूर गाठण्याची युक्तीही त्याच महिन्यापासून निकामी झाली. आपण राहतो त्या देशातच अर्ज करावा, असे सांगितले जाते. गुडघेदुखी असणाऱ्यांनी रांगेचा विचार करून निघावे.

आम्ही पोहोचलो तेव्हा नात आठ महिन्यांची झाली होती. पहिले दोन दिवस ती आजीकडे येईना. विमानतळावर आम्हाला सहा महिने राहण्याची मुभा मिळाली होती. आम्ही ठरल्या दिवशी, पाचव्या आठवड्याच्या अखेरीस परतलो. सौ.ला आणखी थोडे दिवस हवे होते, हे मला ठाऊक आहे.