गोड शब्दाला ऐपत लागत नाही

माझा भाचा अमेरिकेत छोटं विमान चालवायला शिकतोय. परवा फोनवर म्हणाला, "मावशी, इथल्या लहान विमानतळावर उतरलं की हातवारे करून जागा दाखवणारा, चाकाला ठोकळे लावणारा, इंधन भरणारा कामगार येतो. भर उन्हात, थंडीत उभा असतो."

मी विचारलं, "मग टिप देतोस की नाही?"

"सक्ती नसते, पण दोन-पाच डॉलर देतो. नाव विचारून थँक्यू तर नेहमीच. शिवाय इंधन भरताना शेजारी उभा राहतो. आमच्या विमानाचं पेट्रोल निळं, जेटचं इंधन जवळजवळ बिनरंगी. चुकून ते भरलं गेलं, तर उडाल्यावर इंजिन बंद पडू शकतं. जो वैमानिक खेकसतो, त्याला कामगार शंका तरी कशी विचारणार?"

मैत्रिणींनो, मी गप्पच झाले. सिलिंडर आणणाऱ्याला आपण वरचे वीस रुपये देतो, पण कपाळाला आठ्या घालून. "दादा, पाणी देऊ का?" असं किती जणी विचारतो? गळती आहे का, हे त्याने थांबून बघावं असं मात्र वाटतं!

टिप ऐपतीप्रमाणे द्यावी. गोड शब्दाला ऐपत लागत नाही.