पंचवीस नंबरचं दार

लॉगमध्ये '२५० ओके' असं स्वच्छ लिहिलेलं होतं. म्हणजे समोरच्या सर्व्हरनं मेल ताब्यात घेतला, पोच दिली, व्यवहार पूर्ण झाला. आणि फोनवर पुण्यातल्या एका पंप कंपनीचे खरेदी अधिकारी मला सांगत होते, "अहो, तुमचं कोटेशन आलंच नाही. बाकी तिघांचं आलं, आम्ही ऑर्डर देऊन टाकली." ही २००६ सालची गोष्ट. चार दिवसांनी त्यांनीच पुन्हा फोन केला. कोटेशन त्यांच्या स्पॅम फोल्डरमध्ये सापडलं होतं आणि आमचा दर तिघांपेक्षा कमी होता.

मेल बाउन्स झाला तर निदान कळतं. परत आलेल्या निरोपात कारण असतं, आकडा असतो, पुढं काय करायचं ते ठरवता येतं. स्पॅममध्ये पडलेला मेल मात्र मुका. पाठवणाऱ्याला वाटतं पोचला, घेणाऱ्याला वाटतं आलाच नाही, आणि दोघंही आपापल्या जागी खरंच बोलत असतात. गेली वीस-बावीस वर्षं मी या मुकेपणाशी झगडतो आहे.

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमची फाउंड्री. पंप आणि व्हॉल्व्हची कास्टिंग्ज, माणसं चाळीसेक, संगणकाचं सगळं काम माझ्याकडे. २००३ च्या पावसाळ्यात एका जुन्या पेंटियम मशीनवर लिनक्स टाकलं, पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर बसवला आणि कंपनीच्या नावाचे पत्ते सुरू केले. तोवर सगळ्या ऑफिसचा मिळून एकच फुकटचा मेल पत्ता होता आणि त्याचा पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला होता. स्वतःच्या नावानं पहिला मेल बाहेर पडला तेव्हा मालक माझ्या खुर्चीमागं उभे होते. दारावर पाटी लागली, असं ते म्हणाले.

त्या पाटीवर कुणी विश्वास का ठेवावा, हा प्रश्न तेव्हा मला पडला नव्हता. मेलची भाषा, एसएमटीपी, जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये कागदावर आणली तेव्हा जाळ्यावरची माणसं मोजकी होती आणि बहुतेक एकमेकांना ओळखत होती. त्यामुळं पाठवणाऱ्याच्या जागी काहीही लिहिलं तरी चालत असे. आंतरदेशीय पत्राच्या मागच्या बाजूला कुणाचंही नाव लिहिता येतं, पोस्टमन विचारत नाही, तसंच. सर्व्हरच्या पोर्ट २५ वर कुणीही यावं आणि 'मी अमुक' म्हणावं. नव्वदच्या दशकात तर अनोळखी माणसाचा मेल पुढं पाठवून देणं ही शेजारधर्माची गोष्ट होती. जाहिरातवाल्यांनी त्या शेजारधर्माचा इतका गैरफायदा घेतला की सेंडमेल या मेल सर्व्हरनं १९९८ मध्ये ही सोय मुळातच बंद करून ठेवली. स्पॅम पाठवणाऱ्यांची काळी यादी ठेवणारं स्टीव्ह लिनफर्ड यांचं स्पॅमहाउसही त्याच वर्षीचं. म्हणजे आम्ही पाटी लावली तोवर गावात संशयाचं वातावरण पक्कं झालं होतं.

पहिला अडथळा पीटीआरचा. नावावरून आयपी पत्ता सांगणारी नोंद आपल्या हातात असते. पत्त्यावरून नाव सांगणारी उलटी नोंद ज्याचा पत्ता त्याच्या हातात, म्हणजे इंटरनेट पुरवणाऱ्याच्या. आमच्या पत्त्याची उलटी नोंद बघितली तर आकड्यांचं एक लांबलचक नाव यायचं, घरगुती जोडणीला असतं तसं. असं नाव दिसलं की पलीकडचा सर्व्हर हे व्हायरस लागलेलं घरचं मशीन आहे असं समजतो, आणि त्या काळात बहुतेक वेळा ते खरंही असे. पुरवठादाराच्या मदतकेंद्रात पीटीआर हा शब्द समजणारा माणूस मिळेना. लेटरहेडवर अर्ज, शिक्का, पुन्हा अर्ज, असे पाच महिने गेले. शेवटी मुंबईहून त्यांच्या एका अभियंत्यानं आपणहून फोन केला, नाव विचारलं, आणि दहा मिनिटांत काम केलं. त्या माणसाची मला आजही आठवण येते.

मग एसपीएफ आलं. आमच्या नावानं मेल पाठवायचा अधिकार कोणत्या सर्व्हरला आहे, ते डोमेनच्या नोंदीत जाहीर करायचं. एका ओळीचं काम. ती ओळ मी उत्साहानं लिहिली आणि कडक ठेवली: यादीबाहेरचं सगळं खोटं समजा. दुसऱ्याच आठवड्यात कामगारांच्या पगारपावत्या गायब झाल्या. पावत्या बनवून देणारी संस्था स्वतःच्या सर्व्हरवरून, पण आमच्या पत्त्यानं मेल पाठवत होती आणि हे फक्त अकाउंट्समधल्या ताईंना ठाऊक होतं. वेबसाइटवरचा चौकशीचा फॉर्म तसाच, कारखान्यातल्या कॉम्प्रेसरचा अलार्मही तसाच. आपल्या नावानं कोण कोण बोलतं याची यादी कंपनीत कुठंही लिहिलेली नव्हती. एसपीएफमुळं ती पहिल्यांदा तयार झाली, आणि त्या नोंदीपेक्षा ही यादीच मला जास्त मोलाची वाटते.

एसपीएफची मोठी उणीव फॉरवर्डिंगची. आमच्या भागातले कितीतरी पुरवठादार स्वतःच्या डोमेनवर आलेला मेल सरळ एखाद्या फुकटच्या मेलबॉक्सकडं वळवतात. वळवलेला मेल तिसऱ्याच आयपीवरून जातो आणि एसपीएफ नापास होतं. त्यावर उतारा डीकेआयएमचा. याहूची डोमेनकीज आणि सिस्कोची पद्धत एकत्र करून २००७ मध्ये ते प्रमाण म्हणून आलं. यात मेलवरच गुप्त किल्लीनं सही होते आणि ती तपासायची जाहीर किल्ली डोमेनच्या नोंदीत राहते. वाटेत मजकूर बदलला नाही तर मेल कुठूनही फिरून आला तरी सही टिकते. आम्ही २०१० मध्ये १०२४ बिटांची किल्ली लावली. दोन वर्षांनी बातमी आली की गूगलच ५१२ बिटांची किल्ली वापरत होतं आणि एका अमेरिकी गणितज्ञानं ती फोडून दाखवली. मी २०४८ बिटांकडं वळलो, तर आमच्या डोमेनवाल्याचं पॅनेल एवढी लांब किल्ली घेईना. नोंदीतल्या एका तुकड्यात २५५ अक्षरंच मावतात. किल्लीचे दोन तुकडे करून अवतरणचिन्हांत शेजारी शेजारी ठेवायचे, हे कळायला माझा एक अख्खा रविवार गेला.

एवढं करूनही दोनदा आम्ही आमच्याच हातानं नाव घालवलं.

पहिल्यांदा २०११ मध्ये. स्टोअरच्या खात्याचा पासवर्ड खात्याच्या नावापुढं एक-दोन-तीन असा होता. कुणीतरी तो ओळखला आणि रात्रीतून आमच्या सर्व्हरवरून औषधांच्या हजारो जाहिराती सोडल्या. सकाळी आलो तेव्हा मेलची रांग फुगलेली, डिस्क भरत आलेली आणि आयपी एका काळ्या यादीत. यादीतून नाव काढायला दोन दिवस लागले, पण मोठ्या मेलसेवांच्या मनातला राग उतरायला सहा आठवडे. त्यांचा हिशेब कुठं जाहीर होत नाही, कुणाला फोन करून विचारता येत नाही. त्यानंतर प्रत्येक खात्याला ताशी मेलची मर्यादा घातली. हे आधीच करायला हवं होतं. बाहेरून येणाऱ्या स्पॅमवर मी डोळ्यांत तेल घालून बसलो होतो आणि आतून बाहेर जाणाऱ्याकडं माझं लक्षच नव्हतं.

दुसऱ्यांदा दिवाळीत. मालकांनी प्रदर्शनांमधून जमवलेली सगळी व्हिजिटिंग कार्डं काढली आणि शुभेच्छांचा मेल सगळ्यांना जाऊ दे म्हणाले. त्यांचा हेतू चांगला होता आणि मी हो म्हणालो. त्यातले कितीतरी पत्ते दहा-दहा वर्षं जुने. बंद पडलेले जुने पत्ते काही ठिकाणी पुन्हा जिवंत करून सापळा म्हणून ठेवतात, कारण त्यांवर मेल पाठवणारा पत्ते न तपासता पाठवतो, हे उघड असतं. शिवाय ज्यांना आमचं नाव आठवत नव्हतं, त्यांनी 'स्पॅम'चं बटण दाबलं. त्यांचं काय चुकलं? पुढचा महिनाभर आमची बिलंसुद्धा स्पॅममध्ये जात होती.

दिवाळीचा तो मेल मराठीत होता, त्याचीही एक अडचण होती. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, त्यामुळं असा मजकूर बहुधा बेस-६४ मध्ये गुंडाळूनच जातो. आणि मजकूर असा गुंडाळलेला असला की लपवाछपवीचा संशय घेणारा नियम स्पॅमअसॅसिनमध्ये होता. येणारे मेल गाळायला आम्हीही तेच वापरत होतो. म्हणजे आमच्याच दारात इंग्रजी मेलपेक्षा मराठी मेलला जास्त दोषांक मिळत होते. तो नियम मी आमच्याकडं ताबडतोब शून्यावर आणला. बाकी जगाच्या सर्व्हरवर माझी सत्ता नव्हती, याचं वाईट वाटलं आणि अजून वाटतं.

२०१६ मध्ये कारखान्यातला सर्व्हर हलवून भाड्याच्या आभासी सर्व्हरवर (व्हीपीएस) नेला, कारण शिरोलीतल्या वीजकपातीला यूपीएस पुरेना. नवा आयपी म्हणजे नवं भाड्याचं घर. आधीच्या भाडेकरूची उधारी मागायला लोक आपल्याच दारात येतात. आम्हाला मिळालेला पहिला पत्ता तीन काळ्या याद्यांमध्ये होता. तो परत करून दुसरा घेतला, तो निष्कलंक होता. पण एक काळी यादी शेजाऱ्यांच्या पापासाठी सगळा पट्टाच अडवते आणि लवकर सुटका हवी असेल तर पैसे मागते. आम्ही दिले नाहीत. पहिले दोन आठवडे दिवसाला वीस-तीसच मेल, तेही ओळखीच्या ग्राहकांना. मी एकेकाला फोन करायचो, "साहेब, स्पॅममध्ये बघता का? असेल तर 'नॉट स्पॅम' दाबा आणि नुसतं 'मिळालं' म्हणून उत्तर टाका." त्या उत्तरांनी जे काम केलं ते कोणत्याही नोंदीनं केलं नसतं, असं माझं ठाम मत आहे.

डीमार्क आम्ही उशिरा लावलं, २०१७ मध्ये. एसपीएफ किंवा डीकेआयएम पास झालं पाहिजे आणि तेही डोळ्यांना दिसणाऱ्या पत्त्याच्याच डोमेनवर, असा हा नियम. नापास मेलचं काय करायचं ते आपण सांगायचं, आणि जगभरचे सर्व्हर त्याचा अहवाल आपल्याला पाठवतात. सुरुवातीला 'काही करू नका, फक्त कळवा' एवढंच लिहिलं. अहवाल उघडले तर कधी न ऐकलेल्या देशांमधून आमच्या नावानं मेल जात होते. त्यातला एक आमच्या कोइमतूरच्या ग्राहकाकडं पोचला होता: आमच्या लेटरहेडचं बिल, बँकेचं खातं मात्र दुसरंच. त्यांच्या अकाउंटंटनं पैसे भरण्याआधी फोन केला म्हणून वाचलो. तोवर हे सगळं मी 'आपले मेल पोचावेत' म्हणून करत होतो. त्या दिवसापासून 'आपल्या नावानं दुसऱ्याचे पोचू नयेत' हे त्याहून मोठं काम झालं. 'रिजेक्ट'पर्यंत पोचायला सव्वा वर्ष घेतलं. घाई केली नाही, पगारपावत्या लक्षात होत्या.

ऑक्टोबर २०२३ मध्ये गूगल आणि याहूनं नवे नियम जाहीर केले, फेब्रुवारी २०२४ पासून ते लागू झाले. मायक्रोसॉफ्टचे मे २०२५ मध्ये आले. जीमेलवर दिवसाला ५,००० हून जास्त मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तिन्ही सक्तीची. आमचे सगळे मिळून तीनशेच, पण पीटीआर, टीएलएस (वाटेतलं एन्क्रिप्शन) आणि तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्याच्या आत, या अटी लहानांनाही आहेत. तीनशे मेलमधून एकानं बटण दाबलं तरी त्या दिवशी आम्ही ०.३३ वर. मोठ्या पाठवणाऱ्याला आपल्याविरुद्धच्या तक्रारींचा आलेख बघता येतो; इतके थोडे मेल असले की तो आलेख कोराच राहतो. बाकी नियम मला पटतात, त्यांनी कचरा खरोखर कमी झाला. पण लहानांना अंधारातच चालावं लागतं ही गोष्ट न्यायाची नाही.

वसाहतीतल्या बहुतेक कंपन्यांनी आता मेल भाड्याच्या सेवेकडं दिला. येणारे मेल स्वतःकडं ठेवून पाठवण्यापुरता दुसऱ्याचा सर्व्हर घेणारेही आहेत. मला कुणी सल्ला विचारला तर हा मधला मार्गच सांगतो, कारण रात्री उठून रांग बघणारा माणूस प्रत्येक कारखान्यात नसतो. आम्ही मात्र मेल स्वतःकडंच ठेवला: आमच्याकडं २००३ पासूनचा पत्रव्यवहार आहे, प्रत्येक पॅटर्नचं ड्रॉइंग कुणी कधी बदलायला सांगितलं त्याच्या तारखेसह. गेल्या वर्षी एका ग्राहकानं २००९ चं बंद पडलेलं इम्पेलर पुन्हा मागितलं, तेव्हा भिंतीच्या जाडीबद्दलचा त्यांचा शेवटचा मेल मी दोन मिनिटांत काढून दिला.

हे काम आता एक तरुण मुलगी शिकते आहे. कोटेशन नुसत्या पीडीएफमध्ये पाठवायचं नाही, मेलमध्ये दोन ओळी तरी माणसासारख्या लिहायच्या, हे सेल्सवाल्यांच्या गळी तिनं माझ्यापेक्षा लवकर उतरवलं. पुढच्या सोमवारी ती पहिल्यांदा डीकेआयएमची किल्ली एकटीनं बदलणार आहे. नवी जाहीर किल्ली आधी डोमेनच्या नोंदीत, एक दिवस थांबून सही तिच्या जोडीच्या गुप्त किल्लीनं. जुनी नोंद लगेच पुसायची नाही असं मी तिला सांगितलं आहे, कारण जुन्या सहीचे मेल काही दिवस कुणाच्या तरी रांगेत उभे असतात. तिनं कॅलेंडरवर दोन आठवड्यांनंतरच्या तारखेला खूण केली आहे.