ड्रॅक्युला कुठल्या शाळेत शिकला?

दगडी इमारती, वेलींनी वेढलेल्या खिडक्या, रात्री उशिरापर्यंत लॅटिन घोकणारी मुलं, आणि त्यांच्यातच बसलेला एक रक्तपिपासू! इंग्रजीत तरुण वाचकांसाठी अशा कादंबऱ्यांची सध्या रांग लागली आहे. रिशेल मीडच्या 'व्हॅम्पायर अकॅडमी'त (२००७) तर वेळापत्रकच उलटं आहे, तास रात्री आणि झोप दिवसा. ही हल्लीची टूम वाटते ना? मग मला सांगा, खुद्द ड्रॅक्युला कुठल्या शाळेत शिकला?

हो, तो शिकलेला होता! ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या कादंबरीत प्रोफेसर व्हॅन हेलसिंग सांगतात की ड्रॅक्युला 'शोलोमान्स'मध्ये गेला होता. ही शाळा ट्रान्सिल्व्हानियाच्या डोंगरांत, आणि शिकवायला साक्षात सैतान. प्रवेश फक्त दहा जणांना. शिकायचं काय, तर निसर्गाची गुपितं, प्राण्यांची भाषा, सगळे मंत्रतंत्र. आणि फी? शिक्षण संपलं की नऊ जण घरी जाणार, दहावा सैतानाकडेच राहणार! या दहाव्याच्या नशिबी पुढे ड्रॅगनवर बसून सैतानाला विजा घडवू लागणं.

ही शाळा स्टोकरच्या डोक्यातून निघालेली नाही. एमिली जेरार्ड या स्कॉटिश लेखिकेचा नवरा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यात अधिकारी होता. त्याच्या बदलीमुळे ती ट्रान्सिल्व्हानियात राहिली, तिथल्या समजुती गोळा केल्या आणि १८८५ मध्ये त्यांवर लेख लिहिला. स्टोकरनं तो वाचला. नओमी नोविकनं २०२० मध्ये सुरू केलेल्या कादंबरी-मालिकेचं नावही 'शोलोमान्स'च आहे.

स्टोकर स्वतः ट्रान्सिल्व्हानियाला कधीच गेला नाही. त्यानं तो प्रदेश वाचनालयांत बसून उभा केला. टिपणांमध्ये त्यानं आपल्या खलनायकाचं नाव आधी 'काउंट वॅम्पिर' लिहिलं होतं. १८९० च्या उन्हाळ्यात व्हिटबी या समुद्रकाठच्या गावी, तिथल्या वाचनालयातल्या एका जुन्या पुस्तकात त्याला 'ड्रॅक्युला' हे नाव सापडलं. पहिल्या नावावर काट बसली.

पण विद्वान मंडळी व्हॅम्पायरच्या मागे लागली ती याच्याही दीडशे वर्षं आधी. सर्बियातलं मेद्वेजा हे गाव तेव्हा ऑस्ट्रियाच्या ताब्यात होतं. १७३१-३२ च्या हिवाळ्यात तिथली माणसं पटापट मरू लागली. गावकरी म्हणाले, हे थडग्यांतून उठणाऱ्यांचं काम. मग सैन्याचा डॉक्टर योहान फ्ल्यूकिंगर सहकाऱ्यांसह आला, एकेक थडगं उघडवलं आणि जे दिसलं ते नीट लिहून काढलं. मिलित्सा नावाची साठ वर्षांची बाई जिवंतपणी काटकुळी होती, थडग्यात मात्र अंगानं भरलेली! काही प्रेतांच्या छातीत पातळ रक्त होतं. जुनी नखं गळून खाली ताजी दिसत होती. आता सांगा, हे डोळ्यांनी पाहिल्यावर तुम्ही काय समजला असता?

त्या डॉक्टरांनी जे पाहिलं ते खरंच तिथे होतं, हेच मला थक्क करतं. माणूस मेला तरी त्याच्या पोटातले जीवाणू मरत नाहीत. डोशाचं पीठ आंबून फुगावं तसं शरीर आतल्या वायूनं फुगतं, म्हणून काटकुळी बाई भरलेली दिसते. वायूच्या दाबानं काळपट लाल द्रव तोंडावाटे बाहेर येतो, आणि बघणाऱ्याला वाटतं, रात्री रक्त पिऊन आलाय! वरची कातडी नखांसकट सुटते आणि खालचा थर नवा कोरा दिसतो. थंडीत हे सगळं इतकं सावकाश होतं की महिन्या-दोन महिन्यांचं प्रेतही ताजं वाटावं. छातीत सूळ ठोकला की कोंडलेला वायू कंठातून निसटतो आणि प्रेत चक्क कण्हतं.

फ्ल्यूकिंगरचा अहवाल छापला गेला आणि जर्मन विद्यापीठांत खळबळ उडाली. लाइपझिगच्या पंडितांनी त्यावर प्रबंधांमागून प्रबंध लिहिले. शेवटी १७५५ मध्ये ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञी मारिया थेरेसानं आपले राजवैद्य गेरार्ड फान स्वीटन यांचं मत घेतलं. हे सगळं अज्ञान आहे, असा निर्वाळा त्यांनी दिला, आणि थडगी उकरण्यावर बंदी आली. हे फान स्वीटन डच डॉक्टर होते आणि व्हिएन्नाच्या राजग्रंथालयाचे प्रमुखही. स्टोकरचे व्हॅन हेलसिंगही डच डॉक्टरच!

या व्हॅन हेलसिंगना ड्रॅक्युलाच्या घराण्याची आणि त्या शाळेची माहिती कोण पुरवतं? कादंबरीत नाव येतं बुडापेस्टच्या आर्मिनियसचं. आता आर्मिनियस व्हांबेरी हे बुडापेस्ट विद्यापीठात पौर्वात्य भाषा शिकवणारे अगदी खरेखुरे प्राध्यापक होते. १८९० मध्ये लंडनला स्टोकर त्यांना भेटला होता, आणि ड्रॅक्युला छापून आला तेव्हाही ते विद्यापीठात शिकवतच होते.