एसीचा गॅस संपत नाही, गळतो!

मार्च सरत आला की एसी दुरुस्त करणाऱ्यांचे फोन वाजू लागतात. 'खोली गार होत नाही' या तक्रारीवर अनेकदा ठरलेले उत्तर मिळते, 'गॅस संपलाय, भरावा लागेल.' गॅस भरला जातो, खोली गार होते आणि विषय मिटतो.

मात्र एसीतला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत असतो. खोलीतली उष्णता शोषून त्याची वाफ होते आणि बाहेरच्या युनिटमध्ये ती उष्णता सोडून तो पुन्हा द्रव होतो. एकदा भरलेला गॅस वर्षानुवर्षे पुरायला हवा. तो कमी झाला असेल, तर नळ्यांच्या जोडात किंवा गंजलेल्या कॉइलमध्ये कुठेतरी गळती आहे.

गळलेला गॅस हवेत मिसळतो. जुन्या एसींमधला आर-२२ ओझोनच्या थराला हानी पोहोचवतो. त्याच्या जागी आलेल्या आर-४१०ए मुळे ओझोनला धोका नाही. पण शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दोन हजार पट उष्णता धरून ठेवतो. आता रूढ झालेल्या आर-३२ साठी हा आकडा सुमारे ६७५ आहे.

याचा अर्थ साध्या गणिताने कळतो. तासाला सरासरी एक युनिट वीज घेणारा एसी रोज आठ तास, तीन महिने चालला, तर ७२० युनिट लागतात. आपली बरीचशी वीज कोळशावर तयार होत असल्याने एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे हंगामाचे साधारण ५०० किलो झाले. एक किलो आर-४१०ए गळला, तर परिणाम दोन टनांइतका, म्हणजे चार उन्हाळ्यांच्या विजेएवढा!

असे वायू टप्प्याटप्प्याने कमी करण्यासाठी २०१६ मध्ये किगाली येथे करार झाला. भारताने २०२१ मध्ये त्याला मान्यता दिली. पण आपल्या घरातली गळती आपल्यालाच थांबवावी लागेल.

तीव्र उन्हात ज्येष्ठांना, लहान मुलांना आणि हृदयविकाराच्या रुग्णांना गारवा आवश्यकच असतो. त्यामुळे एसी बंद ठेवा, असे सांगणे योग्य नाही. तो नीट वापरणे मात्र शक्य आहे. गॅस भरण्याआधी गळती शोधून बुजवण्याचा आग्रह धरा. नळ्यांत नायट्रोजनचा दाब देऊन जोडांवर साबणाचे पाणी लावले, की बुडबुडे गळतीची जागा दाखवतात. घर बदलताना किंवा जुना एसी काढताना गॅस हवेत सोडू देऊ नका. तापमान २४ अंशांवर ठेवून सोबत पंखा लावा. एक अंश वाढवला तरी सुमारे सहा टक्के वीज वाचते.

वर्षाआड गॅस भरावा लागत असेल, तर ती देखभाल नव्हे, दुरुस्ती टाळणे आहे.