916चा शिक्का आणि 1000 वॅटचं खोकं

विटा हे कस लावणाऱ्यांचं गाव. खानापूर, आटपाडी, तासगाव हा सगळा पट्टा पावसाने कायम दगा दिलेला. इथली माणसं पोटासाठी गलाईच्या धंद्यात शिरली आणि देशभरच्या सराफ पेठांत जाऊन बसली. दागिना आटवायचा, गाळायचा, भेसळ बाजूला काढून सोनं वेगळं करायचं. या घरांमध्ये समोरच्याच्या शब्दावर सोनं घेत नाहीत. कसोटीवर रेघ ओढतात, रेघेवर आम्ल सोडतात, काय उरतं ते बघतात. 2021च्या जूनपासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. 916 म्हणजे हजारात नऊशे सोळा भाग सोनं. तो आकडा खोटा ठरला तर विकणाऱ्याला जाब विचारता येतो.

त्याच घरात दसऱ्याच्या मुहूर्तावर म्युझिक सिस्टिम येते, तेव्हा मात्र कस लावायला कोणी बसत नाही. खोक्यावर ठळक छापलेलं असतं, ‘1000 वॅट पीएमपीओ’. हा आकडा कसा मोजायचा याचं सर्वमान्य प्रमाणच नाही. क्षणाच्या एखाद्या अंशात कागदावर जास्तीत जास्त किती निघू शकेल, ते प्रत्येक उत्पादक आपापल्या सोयीने ठरवतो. शहानिशा करायला यंत्र लागत नाही. खोक्यासोबत आलेला अडॅप्टर उलटा करून वाचावा. त्यावर 12 व्होल्ट, 2 अँपिअर असं लिहिलं असेल, तर आत जाणारी वीज जेमतेम 24 वॅट आहे. 24 वॅट घेणारं यंत्र सलग 1000 वॅट देणार कुठून? खरेदीदाराने विचारायचा आकडा आरएमएस वॅटचा, म्हणजे सलग देता येणाऱ्या शक्तीचा. अमेरिकेत ही फसवी आकडेमोड इतकी वाढली होती, की तिथल्या व्यापार आयोगाला घरगुती ॲम्प्लिफायरची ताकद कशी मोजून जाहिरातीत द्यायची याचा नियम 1974 साली करावा लागला.

असे आकडे ग्राहकाच्या वतीने तपासून बघायचे, या गरजेतून खरेदी-मार्गदर्शक मासिकं जन्मली. अमेरिकेत 1936 साली ‘कन्झ्युमर रिपोर्ट्‌स’, ब्रिटनमध्ये 1957 साली ‘विच?’. मुंबईत 1966 साली कन्झ्युमर गायडन्स सोसायटी उभी राहिली, ती गृहिणींच्या पुढाकाराने. भेसळ आणि वजनमापातली लबाडी हे तिचे पहिले विषय. तिचं ‘कीमत’ हे नियतकालिक त्याच कामातून निघालं. 1970च्या दशकाच्या मध्यावर बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभारली. त्या कामात सुधीर फडके त्यांच्या सोबत होते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. सुराच्या बारीकशा चुकीनेही अस्वस्थ होणारा संगीतकार मापातल्या खोटेपणाविरुद्ध उभा राहिला, यात मला तरी काही आश्चर्य वाटत नाही.

साबण, कुकर, पंखा यांची परीक्षा मासिकाला जमते. लाऊडस्पीकरपाशी मात्र गाडी अडते. याचा गाजलेला दाखला 1970चा. अमर बोस यांच्या कंपनीने दोन वर्षांपूर्वी ‘901’ हा स्पीकर बाजारात आणला होता. एका पेटीत नऊ छोटे स्पीकर, त्यांतले आठ भिंतीकडे तोंड केलेले. मैफिलीच्या सभागृहात बराचसा आवाज भिंतींवरून परतून कानी येतो, घरातही तसाच यावा, ही कल्पना. ‘कन्झ्युमर रिपोर्ट्‌स’च्या मे महिन्याच्या अंकातल्या परीक्षणात आलं, की या स्पीकरवर एकेक वाद्य अवाढव्य होतं आणि खोलीभर भटकतं. बोस कंपनी न्यायालयात गेली. तिथे उलटतपासणीत चर्चा रंगली ती यावर, की चाचणी घेणाऱ्या अभियंत्याला आवाज नेमका कुठे फिरताना जाणवला, खोलीभर की दोन स्पीकरांमधल्या भिंतीच्या कडेने? खालच्या न्यायालयाने ते विधान खोटं ठरवलं. वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरवला. 1984 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी मासिकाच्या बाजूने कौल दिला. वर्णन काटेकोर नसेलही, पण जाणूनबुजून खोटं लिहिल्याचा पुरावा नाही, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. एका कानाला जे जाणवलं ते शब्दांत मांडताना होणारी चूक आणि लबाडी यांत न्यायालयाने फरक केला. तो योग्यच होता असं माझं मत आहे.

म्हणून सगळं ज्याच्या त्याच्या कानावर सोडायचं का? तसंही नाही. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल यांनी अनेक वर्षं पडद्यामागे स्पीकर ठेवून माणसांना ऐकवले आणि त्यांची पसंती नोंदवली. समोरून सपाट आणि बाजूंनीही सलग, न खडबडता आवाज देणारे स्पीकर बहुतेकांना आवडतात, असं त्यांना पुन्हा पुन्हा आढळलं. पुढे हरमन कंपनीत असताना, 1994 साली, त्यांनी आणि शॉन ऑलिव्ह यांनी तेच स्पीकर आधी झाकून आणि मग उघडे ठेवून ऐकवले. उघडे दिसताच लोकांनी दिलेले गुण बदलले. दिसायला भारदस्त, मोठ्या नावाचा स्पीकर कानालाही बरा वाटू लागला. जुने स्पीकर जमवणाऱ्यांनी हा प्रयोग मनावर घ्यावा. अक्रोडाच्या लाकडाची पेटी आणि सोनेरी नावाची पट्टी आपल्या कानांवर काम करतच असते.

तरीही जुन्या स्पीकरांचं एक बळ आकड्यांनीच सिद्ध होतं, आणि नव्या वस्तूंच्या तक्त्यात त्याला फारसं महत्त्व मिळत नाही. ते म्हणजे एका वॅटमध्ये किती आवाज निघतो. 1926 साली वेस्टर्न इलेक्ट्रिकने बोलपटासाठी ‘555’ हे युनिट वापरात आणलं, तेव्हा ॲम्प्लिफायर मोजक्या वॅटचे असत. तेवढ्यात आख्खं थिएटर भरायचं होतं. म्हणून वेंट आणि थुरास या अभियंत्यांनी पातळ पडदा अरुंद गळ्याशी बसवला आणि पुढे हळूहळू रुंदावत जाणारा कर्णा जोडला. आपल्या जत्रेत, प्रचाराच्या जीपवर, देवळाच्या शिखरापाशी दिसणारा कर्णा याच तत्त्वावर चालतो.  थोड्या विजेत आवाज लांब न्यायचा, हे कर्ण्यांच्या या घराण्याचं मूळ काम. फरक एवढाच की जत्रेतला कर्णा साधारण 300 हर्ट्‌झच्या खाली उतरत नाही. बोलणं खणखणीत पोचतं, ढोलकीचा घुमारा मात्र हरवतो.

पॉल क्लिप्श यांनी तो घुमाराही कर्ण्यातून काढला. लांबलचक कर्णा लाकडी पेटीत घड्या घालून बसवला आणि पेटी खोलीच्या कोपऱ्यात ठेवून भिंतींनाच कर्ण्याचा शेवटचा भाग बनवलं. 1946 साली त्यांनी कंपनी काढली. त्यांचा ‘क्लिप्शहॉर्न’ आजही तयार होतो. एका वॅटला, एका मीटरवर, तो सुमारे 105 डेसिबल देतो. आजचा घरगुती स्पीकर 88च्या आसपास. ही 17 डेसिबलची तफावत म्हणजे शक्तीत पन्नासपट. क्लिप्शहॉर्नला 1 वॅट पुरतो तिथे दुसऱ्याला 50 लागतात. मग जगाने कर्णा का सोडला? 1954 साली एडगर व्हिल्चर यांनी हवाबंद छोट्या पेटीतून खोल खर्ज काढून दाखवला. किंमत मोजली ती कार्यक्षमतेत. पुढे ट्रान्झिस्टरमुळे वॅट स्वस्त झाले आणि कपाटाएवढ्या पेट्यांची गरज उरली नाही. हा सौदा शहरातल्या लहान घरांसाठी बरोबरच होता. पण आज लाख मोजून जुना हॉर्न विकत घेणारा माणूस वेडा नव्हे. कमी वॅटच्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरवर त्याला तो सौदा उलटा फिरवायचा असतो.

विट्यासारख्या गावात असा जुना स्पीकर घ्यावा का, याचं उत्तर मला दोन गोष्टींत दिसतं. पहिली खोली. दहा बाय दहाच्या खोलीत सुमारे 56 हर्ट्‌झला हवा स्वतःच घुमू लागते. लांबी-रुंदी सारखी असल्याने दोन्ही बाजूंचा घुमारा एकावर एक चढतो. वर स्लॅब, खाली फरशी. अशा जागी मोठा वूफर, म्हणजे खर्जाचा स्पीकर, असलेली पेटी कोपऱ्यात ठेवली तर पखवाज आणि बेस गिटार सारखेच वाजतील. आधी पेटी भिंतीपासून सरकवून बघावी. खर्चात न पडता इतका फरक दुसऱ्या कशाने पडत नाही.

दुसरी गोष्ट दुरुस्ती, आणि माझ्या मते हीच निर्णायक. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या कित्येक वूफरांच्या कोनाला, म्हणजे हलणाऱ्या शंकूला, फोमची कडा आहे. ती पंधरा-वीस वर्षांत भुसभुशीत होऊन गळते. त्याहून जुन्यांची कापडी किंवा कागदी कडा अजून शाबूत सापडते. म्हणजे इथे वयाने जास्त स्पीकर कमी वयाच्यापेक्षा धडधाकट निघू शकतो. जाळी काढायला लावावी. बोटाने कड हलकेच दाबून बघावी. कोन चारही बाजूंनी सारखा, हळूच आत ढकलावा. खरखर आली तर कॉइल घासते आहे. तारा सोडवून मल्टिमीटर लावला तर 8 ओहमचा वूफर साधारण 6 दाखवतो. काटा हललाच नाही तर कॉइल जळाली आहे. आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर चाळीस वर्षांत सुकलेले असणार असं धरूनच चालावं, ते स्वस्तात बदलतात. गाणं ऐकताना जोडीतला एकेक स्पीकर आळीपाळीने बंद करावा. एकाचा आवाज दबका असेल तर ट्विटर, म्हणजे तार स्वरांचा छोटा स्पीकर, गेलेला किंवा बदललेला असू शकतो.

कोन बदलणारे कारागीर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, पुण्याच्या बुधवार पेठेत भेटतात. पण त्यांच्या हातालाही सुटा भाग लागतोच. कर्ण्याच्या युनिटचा पडदा तालुक्याच्या बाजारात मिळून जातो. परदेशी ट्विटरचा पडदा मिळेलच असं नाही, आणि चुकीच्या मापाचा कोन बसवला की नाव जुनं राहतं, आवाज दुसराच होतो. मराठीतल्या ग्राहक मासिकांनी नव्या साउंडबारच्या तक्त्यांशेजारी एक पान यासाठी ठेवावं. कोणत्या जुन्या स्पीकरचे कोन, पडदे, कॉइल आज मिळतात, कुठे मिळतात, बसवायला किती पडतात. ते पान छापून येईपर्यंत विसार देण्याआधी वूफरमागचा मॉडेल क्रमांक टिपून घ्यावा, कारागिराला फोन करावा, आणि भाग मिळत नाही असं तो म्हणाला तर त्या जोडीला शोभेच्या लाकडाएवढाच भाव द्यावा.